दिवा कोणासाठी?

शाळेच्या स्मरणिकेसाठी चार पाने लिहून द्यावीत, असे पत्र आले तेव्हा आम्हा दोघा भावांना प्रथम संकोच वाटला. आमच्यातला थोरला वायरमन, धाकटा प्राथमिक शिक्षक. लेखणीचा सराव दोघांनाही बेताचाच. परंतु पत्र हाती घेऊन आम्ही बसलो आणि वसतिगृहातले नेमके काय आपल्याजवळ उरले आहे, याचा विचार करू लागलो, तेव्हा दोघांच्याही तोंडून एकच शब्द निघाला : अभ्यासिका. त्या लांबट दालनातला रात्रीचा उजेड. म्हणून त्या उजेडाविषयी, आणि पुढे आयुष्यात त्याचा अर्धाच धडा आठवल्यामुळे आमच्या हातून जे घडले त्याविषयी लिहिण्याचे ठरवले. जे लिहिले आहे ते दोघांचे आहे. म्हणून सर्वत्र ‘आम्ही’.

आमच्यातला थोरला १९९१ च्या जून महिन्यात पत्र्याची पेटी घेऊन वसतिगृहाच्या पायऱ्या चढला आणि दोन वर्षांनी धाकटा. मांजरेच्या काठच्या आमच्या गावी तोवर आम्ही उजेड पाहिला होता तो रॉकेलच्या चिमणीचा, कंदिलाचा आणि नंतर एका बल्बचा. अभ्यासिकेत पहिल्या रात्री एकदम बारा ट्यूबा लागल्या तेव्हा आमच्यातल्या थोरल्याने पुस्तक उघडायचे सोडून आपले दोन्ही तळहात उलटसुलट करून पाहिले होते. हातावरच्या रेषा रात्री दिसतात, हे त्याला नवे होते.

त्या काळी जे सर वसतिगृहाचे अधीक्षक होते, त्यांची शिस्त जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेलच. दालनात शेवटचा मुलगा उठला आणि दिवा तसाच जळत राहिला, तर ते रागावत नसत. दारात उभे राहून एवढेच विचारीत, “हा दिवा कोणासाठी जळतो आहे?” ज्याची पाळी असे तो मुलगा मुकाट्याने जाऊन बटण बंद करी. मात्र त्यांच्या शिस्तीला दुसरी बाजू होती. दर रविवारी सकाळी मुख्य बटण बंद करून, शिडी लावून, कोरड्या फडक्याने सगळ्या ट्यूबा पुसण्याचे काम आम्हा मुलांकडे असे. महिनाभराची धूळ उजेडाचा केवढा हिस्सा गिळते, हे पुसण्यापूर्वी आणि पुसल्यानंतर एकच पान वाचायला लावून ते आम्हांला दाखवीत. दालनाचे छत उंच होते आणि ट्यूबा छतालाच चिकटलेल्या होत्या. त्यांनी त्या साखळ्या लावून टेबलांच्या रांगांवर खाली उतरवून घेतल्या. भिंतींना चुना दिला. मग आमच्याकडूनच पाहणी करवून बारापैकी चार ट्यूबा काढून टाकल्या. तरीही टेबलावरचा उजेड आधीपेक्षा चांगला होता. परीक्षेच्या दिवसांत अभ्यासिका तासभर अधिक उघडी राहू लागली ती या चार ट्यूबांच्या जोरावर.

महिन्याच्या एक तारखेला मीटर वाचायला ते दोन मुलांना सोबत नेत. एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट, हे आम्ही पुस्तकात शिकण्याआधी त्या मीटरपाशी शिकलो. एकदा त्यांनी आम्हांला सांगितले होते, “जिथे माणूस नाही तिथे दिवा नको. आणि जिथे माणूस आहे तिथे उजेड कमी पडता कामा नये. दोन्ही मिळून एकच नियम आहे.” आम्ही मान डोलावली. पुढे वीस-पंचवीस वर्षे आम्ही त्यातला पहिलाच भाग लक्षात ठेवला.

आता घराकडे वळतो.

आमच्या वस्तीत वीज आली ती गरीब कुटुंबांना एका दिव्याची जोडणी देणाऱ्या ‘कुटीर ज्योती’ योजनेतून. ही योजना १९८८-८९ साली सुरू झाली. एक जोडणी म्हणजे एकच दिवा. आमचे घर म्हणजे एक खोली आणि तिला लागून चुलीची जागा. बा ने पुष्कळ विचार करून तो बल्ब दोहोंमधल्या चौकटीवर लावून घेतला; म्हणजे खोलीलाही उजेड आणि चुलीलाही. साठ वॉटचा पिवळा बल्ब. संध्याकाळी शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज उतरे आणि बल्बच्या आतली तार लालसर दिसू लागे. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरले तर अशा बल्बचा उजेड सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो, हे आमच्यातल्या थोरल्याला आयटीआयमध्ये कळले. घरी असताना आम्हांला एवढेच ठाऊक होते की मोटारी चालू असल्या की अक्षरे दिसत नाहीत.

सुटीत आम्ही घरी आलो की बल्बखालची जागा आमची असे. हे कोणी ठरवलेले नव्हते. आम्ही बोर्डिंगात शिकणारी मुले, आमचा अभ्यास मोठा. आमच्याहून चार वर्षांनी लहान असलेली बहीण चुलीपाशी बसून भाकरी भाजता भाजता मांडीवर वही घेई. तिचे तोंड चुलीकडे असे आणि बल्ब पाठीमागे. त्यामुळे तिची स्वतःचीच सावली वहीवर पडे. ती अंग एका बाजूला कलते करून लिही. आम्हांला ती तिची लकब वाटे. तिच्या तशा बसण्याचे कारण आमच्या लक्षात आले ते फार उशिरा.

ती दहावीला गणितात गेली आणि तिचे शिक्षण थांबले. एका बल्बमुळे ती नापास झाली, असे आम्ही म्हणत नाही. सांज झाली की पाणी, भाकरी, भांडी हे सारे तिच्या वाट्याला होते आणि आमच्या वाट्याला नव्हते. पण त्या सगळ्या गोष्टींत उजेडाचीही एक वाटणी होती, आणि ती वाटणी आमच्या बाजूने झाली होती, एवढे या स्मरणिकेच्या पानावर लिहून ठेवणे आम्हांला आवश्यक वाटते.

वर्षे गेली. आम्ही नोकऱ्यांना लागलो. जुन्या घराच्या जागी विटांच्या तीन खोल्या झाल्या, रीतसर मीटर आले. बा गेल्यावर माय एकटीच गावी राहिली. वस्ती सोडून यायला ती तयार नव्हती. विजेचे बिल धाकट्याच्या मोबाइलवर येई आणि तो ते भरी. शंभर युनिटांच्या वर वापर गेला की वरच्या युनिटांना पुढचा, चढा दर लागतो. बिल त्या पायरीच्या पलीकडे गेलेले दिसले की आमच्यापैकी कोणीतरी फोनवर सांगे, “माय, विनाकारण दिवे जाळत जाऊ नकोस.” काळजीने सांगत होतो, असे आम्हांला वाटे. वसतिगृहात शिकलेलेच तर सांगत होतो.

२०१६ च्या पावसाळ्यात एका रात्री माय ओट्यावरून उतरताना घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले. शेजाऱ्यांनी तिला तालुक्याला नेले, तेथून जिल्ह्याला. ऑपरेशन झाल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या उशाशी बसलो होतो. धाकट्याने विचारले, “ओट्यावर बल्ब आहे ना माय? मग लावला का नाहीस?” ती म्हणाली, “तुमीच म्हनलाव ना, बिल लई येतंय म्हनून.”

त्या वाक्यावर आमच्यापैकी कोणालाच काही बोलता आले नाही.

ती रात्र आम्ही गावच्या घरी काढली. झोप येण्यासारखी नव्हती. थोरल्याने जुनी वही काढली आणि मीटरपाशी जसा हिशेब मांडायला शिकलो होतो, तसा घरातल्या एकेका दिव्याचा हिशेब मांडायला सुरुवात केली. स्वयंपाकघरात साठ वॉटचा पिवळा बल्ब. ओट्यावर तसाच दुसरा. मधल्या खोलीत जुन्या तांब्याच्या चोकची चाळीस वॉटची ट्यूब. चोक स्वतः खातो ते धरून सुमारे पंचावन्न वॉट. आणि कोपऱ्यातल्या लाकडी फळीवर, तथागतांच्या मूर्तीसमोर आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, एक लहानसा तांबडा ‘झिरोचा बल्ब’. तो रात्रंदिवस जळत असे. बा ने लावला होता. माय तो कधी विझवत नसे.

शेजारच्या काकूंनी सांगितले की माय संध्याकाळी स्वयंपाकघरातला बल्ब लावतच नाही. गॅसच्या जाळाच्या उजेडात आणि मधल्या खोलीतून येईल तेवढ्या उजेडात भाकरी करते. ट्यूबही जेवण्यापुरतीच लावते. मग हिशेब असा झाला : साठ वॉटचा बल्ब रोज चार तास लावला असता तर महिन्याला सव्वासात युनिटे लागली असती. ती वाचवण्यासाठी माय अंधारात स्वयंपाक करीत होती. झिरोच्या बल्बला मात्र नावात शून्य असले तरी प्रत्यक्षात बारा ते पंधरा वॉट लागतात. पंधरा धरले आणि चोवीस तास धरले, तर महिन्याला जवळजवळ अकरा युनिटे. म्हणजे स्वयंपाकघर अंधारात ठेवून तिने जेवढे वाचवले, त्याच्या दीडपट वीज त्या शून्याने खाल्ली होती.

दवाखान्यातून घरी आल्यावर हे आम्ही मायला सांगितले, तेव्हा तिचा विश्वास बसेना. “त्यो तर झिरोचा हाय. झिरो म्हंजे काईच न्हाई. त्येला कुठं बिल येतंय?” तिचे काही चुकले नव्हते. नाव ज्याने दिले त्याचे चुकले होते. आणि वायरमन मुलाचे, ज्याने दुसऱ्यांच्या घरांत शेकडो दिवे बसवले आणि आपल्या घरातल्या फळीवरचा दिवा किती वॉटचा आहे हे कधी पाहिले नाही.

इथे थोडे थांबून, दिव्यांच्या पोटात काय चालते ते सांगितले पाहिजे. घरातली वडीलधारी माणसे बचत म्हणजे अंधार असे समजतात, त्याचे कारण त्यांचा अनुभव पिवळ्या बल्बचा आहे. त्या बल्बमध्ये एक बारीक तार पांढरीशुभ्र होईपर्यंत तापवली जाते. तिला दिलेल्या विजेतले शंभरात नव्वदहून अधिक भाग उष्णता होऊन जातात. उजेड होतो तो उरलेल्या थोड्याशा भागाचा. कोंबडीच्या पिलांना ऊब द्यायला लोक हाच बल्ब टांगतात, यातच सारे आले. उजेड ल्यूमेन या मापात मोजतात. रॉकेलची साधी चिमणी जेमतेम दहा ल्यूमेनच्या आसपास उजेड देते. साठ वॉटचा बल्ब सुमारे सातशे. म्हणजे एका वॉटमागे बारा. ट्यूबने हे माप कितीतरी सुधारले. नळीत थोडा पारा आणि आतून पांढरा लेप असल्यामुळे ती तापण्यापेक्षा उजळते अधिक. सीएफएल हे तिचेच वळवलेले लहान रूप. सीएफएल महाग म्हणून गरिबाच्या घरी येत नाही, हे पाहून २००९ साली ‘बचत लॅम्प योजना’ निघाली आणि जुना बल्ब देऊन साधारण पंधरा रुपयांत सीएफएल देण्याची सोय झाली.

त्यानंतर आला एलईडी. यात तापणारी तार नाही. अर्धवाहकाच्या दोन थरांच्या सांध्यातून वीज वाहते तेव्हा सांध्यातूनच प्रकाश निघतो. तांबडे आणि हिरवे असे दिवे फार पूर्वीपासून होते; रेडिओच्या तोंडावर ते लुकलुकत. निळा दिवा मात्र साधत नव्हता, आणि निळ्यावाचून पांढरा उजेड मिळत नव्हता. इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांनी तो साधला. त्यासाठी २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. निळ्या प्रकाशावर पिवळसर लेप चढवला की डोळ्यांना पांढरा उजेड दिसतो. अशा नऊ वॉटच्या दिव्याचा उजेड जुन्या साठ वॉटच्या बल्बहून कमी नसतो, बहुधा थोडा अधिकच असतो. चांगल्या बनावटीचा असेल तर व्होल्टेज उतरल्यावरही तो जवळजवळ तेवढाच राहतो.

हा दिवा आमच्यासारख्यांच्या घरांपर्यंत पोहोचला तो किमतीमुळे. जानेवारी २०१५ मध्ये ‘उजाला’ योजना सुरू झाली. सरकारी कंपनीने एकगठ्ठा खरेदी केली. जो दिवा २०१४ साली त्या खरेदीत ३१० रुपयांना पडत होता, तोच २०१६ साली ३८ रुपयांना पडू लागला. आजवर या योजनेतून देशभरात ३६ कोटींहून अधिक दिवे गेले आहेत. आमची माय पडली त्या वर्षी हा दिवा तालुक्याच्या गावी शंभर रुपयांच्या आत मिळत होता. पैशाची अडचण नव्हती. आमच्यापैकी कोणी तो नेऊन लावला नव्हता, एवढेच.

या निमित्ताने एक आठवण द्यावीशी वाटते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचा विषय त्यांच्या खात्याकडे होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये देशाच्या वीजपुरवठ्याचे धोरण ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. वीज स्वस्त हवी आणि मुबलक हवी, कारण उद्योगांवाचून या देशातल्या दारिद्र्यातून सुटका नाही आणि विजेवाचून उद्योग नाहीत, अशी त्यांची मांडणी होती. आपल्या वस्त्यांमध्ये बाबासाहेबांचे हे काम तुलनेने कमी सांगितले जाते. वीज स्वस्त आणि मुबलक करणे हे शासनाचे काम. परंतु घरात आलेल्या एका युनिटातून किती उजेड काढायचा, हे आपल्या हातात आहे. एक युनिट पिवळ्या बल्बला दिले तर जेवढा उजेड मिळतो, त्याच्या सात-आठपट तेच युनिट एलईडीला दिल्यावर मिळतो.

माय अंथरुणावर होती त्या दिवसांत आम्ही घर हाती घेतले. मुख्य बटण बंद करून थोरल्याने सगळे होल्डर आणि सांधे तपासले. स्वयंपाकघरात नऊ वॉटचा दिवा लावला, पण जुन्या जागी नव्हे. जुना बल्ब दारावर होता. ओट्याकडे तोंड केले की मायची सावली परातीत पडे. नवा दिवा गॅसच्या वर, किंचित पुढे घेतला. ते करताना धाकट्याला चुलीपाशी कलती होऊन बसणारी बहीण आठवली आणि त्याने हातातली पक्कड खाली ठेवली. ती सावली हटवायला त्या काळीही नवा बल्ब लागला नसता. वायर चार हात पुढे ओढली असती तरी पुरे होते. आमच्या ते ध्यानातही आले नव्हते.

ओट्यावर सात वॉटचा दिवा लावला आणि त्याचे बटण मायच्या खाटेजवळ आणून दिले. म्हणजे अंधारात उठून बटण शोधायला नको. मधल्या खोलीतला चोक आणि स्टार्टर काढून वीस वॉटची एलईडी ट्यूब बसवली. धुराने काळवंडलेल्या भिंती खरवडून त्यांना चुना दिला. काळी भिंत आलेला बहुतेक उजेड गिळून टाकते आणि पांढरी भिंत त्यातला बराचसा परत खोलीत टाकते, हे अभ्यासिकेत पाहिलेलेच होते.

राहिला फळीवरचा दिवा. तो विझवण्याची गोष्ट आम्ही मायपुढे काढणार नव्हतो. अर्ध्या वॉटचा लहान एलईडी मिळतो, तो आणला. चोवीस तास जळूनही त्याला महिन्याला अर्धे युनिटही लागत नाही. माय म्हणाली, “इजवायचा तर न्हाई ना?” आम्ही म्हटले, “नाही माय, कधीच नाही.”

जुन्या व्यवस्थेत सगळे दिवे गरजेप्रमाणे जळले असते तर महिन्याला एकतीस-बत्तीस युनिटे लागली असती. नव्या व्यवस्थेत ते सारे गरजेप्रमाणे जळूनही पाच युनिटांच्या आसपास लागतात. माय अंधारात बसून जेवढी वीज वापरीत होती, त्याहून हे कमी आहे. आणि वाचतात ती युनिटे शंभराच्या वरची, म्हणजे चढ्या दराची. परंतु आकड्यांपेक्षा आम्हांला महत्त्वाचे वाटते ते हे की आता गावाहून फोन आला तर आमचा प्रश्न बदलला आहे. आम्ही विचारतो, “माय, ओट्यावरचा दिवा लावला का?”

इथेच लेख संपला असता. पण मायला भेटायला आलेल्या बहिणीने आमचा सगळा हिशेब ऐकून घेतला आणि म्हणाली, “दादा, मायच्या मीटरचा हिशेब बराबर झाला. माझ्या घरी मीटरच माझं न्हाई.”

ती जिल्ह्याच्या गावी भाड्याच्या खोलीत राहते. वीज घरमालकाच्या मीटरवरून येते आणि पैसे पॉइंटावर ठरलेले : दर दिव्याला इतके, पंख्याला इतके. साठ वॉटचा बल्ब लावा की नऊ वॉटचा दिवा, तिला द्यायचे तेवढेच. तिने स्वतःच्या पैशाने चांगला दिवा आणला तर वाचणारे पैसे मीटरवाल्याचे. त्यामुळे खोलीत दोनच पॉइंट आणि तिची मुलगी दाराच्या उंबऱ्याशी बसून बाहेरच्या खांबावरच्या उजेडात वाचत होती. आमच्या सगळ्या शहाणपणाला या एका वाक्याने उत्तर दिले. काटकसरीचा दिवा ज्याच्या हातात आहे आणि बिलाचा फायदा ज्याच्या खिशात जातो, ती माणसे वेगळी असली की तो दिवा दुकानातच राहतो.

आम्ही घरमालकांना जाऊन भेटलो. माणूस समजूतदार निघाला. बहिणीच्या खोलीच्या लाइनीवर एक उपमीटर बसवायचे, त्याचा खर्च आम्ही करायचा आणि दर महिन्याला उपमीटरवर पडतील तेवढ्याच युनिटांचे पैसे त्यांच्या बिलाच्या दराने द्यायचे, असे ठरले. त्या दिवशी खोलीत दोनाचे चार दिवे झाले आणि महिन्याचे पैसे कमी झाले. भाचीसाठी टेबलावर वाकणारा एक दिवा घेतला. वाचण्यासाठी पानावर साधारण तीनशे लक्स उजेड असावा असे मानतात. सगळी खोली तेवढी उजळण्यापेक्षा पाच वॉटचा दिवा पानाजवळ आणला की ते साधते. ती उजव्या हाताने लिहिते म्हणून दिवा डावीकडे ठेवला. बहीण पुष्कळ वेळ त्या टेबलाकडे बघत उभी होती. ती काही बोलली नाही आणि आम्हीही विचारले नाही.

ज्यांना हे आपल्या घरी करायचे असेल त्यांच्यासाठी वायरमनच्या अनुभवाच्या चार गोष्टी. रस्त्यावर ढिगाने मिळणारे, मानक चिन्ह नसलेले एलईडी घेऊ नयेत. त्यांच्या आतले लहानसे यंत्र लवकर जळते आणि उजेड थरथरतो, त्याने डोके दुखते. वॉटवर जाऊ नये, खोक्यावर ल्यूमेन किती लिहिले आहेत ते पाहावे. एलईडी उष्णता कमी करतो, पण करतोच. त्याला बंद काचेच्या हंडीत कोंडले तर तो अल्पायुषी होतो. निजायच्या खोलीत निळसर पांढऱ्यापेक्षा पिवळसर उजेड बरा. जुन्या ट्यूबा आणि सीएफएल फोडून उकिरड्यावर टाकू नयेत. त्यांत पारा असतो. चुकून फुटली तर दारे-खिडक्या उघडाव्यात, लहान मुलांना बाजूला न्यावे आणि तुकडे उघड्या हाताने उचलू नयेत.

आणखी एक गोष्ट आमच्याच घरातली. एलईडी आल्यापासून धाकट्याच्या घरी गॅलरीचा दिवा रात्रभर जळू लागला. “किती लागते त्याला, नऊ वॉट तर आहे,” असे आम्हीच म्हणू लागलो. दिवा बारीक झाला आणि हात सैल सुटला. एके रात्री धाकट्याच्या लहान मुलाने गॅलरीत कोणी नसल्याचे पाहून सहज विचारले, “बाबा, हा कोणासाठी लावलाय?” आपल्या आजोबांच्या वयाच्या त्या सरांना त्याने कधी पाहिलेले नाही. त्याचा बाप मात्र उठला आणि बटण बंद करून आला.

माजी विद्यार्थी बंधुभगिनींनो, या शाळेने आपल्यापैकी पुष्कळांना घरी मिळाला नसता असा उजेड दिला. तो देताना कोणाच्या तरी वाट्याचा उजेड मागे राहिला असेल; बहिणीच्या, आईच्या. पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा दिवसा नव्हे, तिन्हीसांजेला पोहोचा. घरात जाऊन माणसे कुठे बसली आहेत आणि दिवा कुठे आहे, ते आधी पाहा. वॉट आणि युनिटे मग मोजता येतील.

दोघे भाऊ,
माजी विद्यार्थी